टॉवेलची नाडी ७४ : दीड वर्षाहून जास्त स्मार्टवॉच बांधून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. मी स्वतः दोन वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं वापरली, बहिणीकडे तिसऱ्याच कंपनीचं आहे, आणि मला जे म्हणायचंय ते तिन्हींना जवळपास सारखंच लागू पडतं. ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: वेळ, पावलं, फोन आल्याची मनगटावरची थरथर आणि शांत बसलेलं असताना नाडीचे ठोके, एवढ्यासाठी घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. झोप, कॅलरी, स्ट्रेस, ब्लडप्रेशर यासाठी घेत असाल तर जरा थांबा आणि पुढचं वाचा.

घेतलं कशाला, तर चाळिशी उलटली होती आणि तीन मजले चढून आल्यावर दारात पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करत धाप ओसरेपर्यंत उभं राहायची सवय लागली होती. म्हटलं आपल्याला कोणीतरी मागे लागणारं हवं. घरातलं माणूस मागे लागलं की भांडण होतं, घड्याळाशी भांडता येत नाही. हा हिशोब बरोबर निघाला हे मान्य करते. पहिल्या महिन्यात मी जेवढी चालले तेवढी त्याआधीच्या सहा महिन्यांत मिळून चालले नसेन. रात्री साडेअकराला आकडा ९,३०० वर अडकलेला दिसला की मी हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारत असायचे, नवरा आतून ओरडायचा की अगं झोप आता, आणि मी म्हणायचे सातशेच राहिलेत. दहा हजार झाले की घड्याळ थरथरतं, स्क्रीनवर फटाके फुटतात आणि मोठ्या बाईला त्याचा आनंद होतो, आता काय सांगू.

तर या दहा हजाराची गंमत. मला वाटायचं कुठल्या तरी मोठ्या डॉक्टर मंडळींनी बसून ठरवलेला आकडा असेल. तसं काही नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. आदल्याच वर्षी टोकियोला ऑलिम्पिक होऊन गेलेलं, लोकांना व्यायामाचं वारं लागलेलं, आकडा गोल आणि लक्षात राहणारा, झालं, चिकटला तो जगभर. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२. त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर त्याहून जास्त चालून विशेष फरक पडताना दिसला नाही. मी काही ७२ ची नाही, माझा हिशोब वेगळा असू शकतो, पण हे वाचलं त्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन टार्गेट ७,५०० केलं आणि सोफ्याच्या फेऱ्या बंद केल्या. घड्याळानं विचारलं, नक्की कमी करायचंय का? हो बाई, नक्की.

पावलं मोजण्यात घड्याळ तसं बरं आहे, पण ते पावलं मोजत नाही हे लक्षात ठेवा, हाताचे हेलकावे मोजतं. आत एक बारीकसा सेन्सर असतो, हालचाल कुठल्या दिशेला किती झाली ते सांगतो, आणि सॉफ्टवेअर त्यावरून ठरवतं की हे चालणं आहे. त्यामुळे मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरलात तर हात हलत नाही म्हणून घड्याळाच्या लेखी तुम्ही बसून होतात. उलट मुलाच्या गॅदरिंगला मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या तर तीन-साडेतीनशे पावलं जमा झाली. कपडे घासताना तर विचारू नका. महिन्याचा हिशोब बघितला तर थोडं इकडे थोडं तिकडे होऊन ताळा जमतो, म्हणून माझी तक्रार नाही.

आता नाडी. घड्याळ उलटं करून बघितलंत तर मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील, रात्री अंथरुणात मनगट जरा वर झालं की भिंतीवर भुतासारखा हिरवा डाग पडतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त जरा जास्त येतं, तेवढा प्रकाश कमी परत येतो, दोन ठोक्यांच्या मधे पुन्हा वाढतो, आणि या कमीजास्तीवरून घड्याळ ठोके मोजतं. एवढी साधी आणि हुशार युक्ती आहे की मला कौतुकच वाटलं होतं.

कौतुक टिकलं ते मुलाच्या सुट्टीपर्यंत. त्यानं कुठेतरी व्हिडिओ बघितला होता, म्हणाला आई घड्याळ दे. नॅपकिनएवढा छोटा टॉवेल घट्ट गुंडाळला, त्यावर माझं घड्याळ बांधलं, पट्टा नीट तिसऱ्या भोकात वगैरे, आणि टेबलावर ठेवून आम्ही दोघं बघत बसलो. आधी दोन रेघा दिसत होत्या, मग आकडा आला. ७४. मग ७१. मग परत ७४. टॉवेल अगदी निवांत होता, तब्येत उत्तम. मुलगा हसून हसून लोळला आणि मी मात्र जरा गंभीर झाले, कारण त्याच सकाळी माझी नाडी ७६ आलेली बघून मी खूश झाले होते.

याचा अर्थ घड्याळ खोटं आहे असा नाही हं. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचं, असं मी आठवडाभर करून बघितलं, बसलेलं असताना दोन-तीनचा फरक, त्यापेक्षा जास्त नाही. होतं असं की सेन्सरला जो काही परत येणारा प्रकाश मिळतो त्यात सॉफ्टवेअर काहीतरी लय शोधत बसतं, हात असो की टॉवेल, आणि लय सापडल्यासारखी वाटली की आकडा लावून मोकळं होतं. "मला कळत नाहीये" असं म्हणायची त्याला सवयच लावलेली नाही. माझं या सगळ्या घड्याळांबद्दलचं खरं म्हणणं हेच आहे. जे त्याला नीट कळतं तेही ठणठणीत आकड्यात दाखवतं आणि जे त्यानं अंदाजपंचे काढलंय तेही तितक्याच ठणठणीत आकड्यात, त्याच फॉन्टमध्ये, त्याच रंगीत गोलात. आपण बघणार कसं की कुठला आकडा कुठल्या जातीचा?

भरभर चालताना तर वेगळीच भानगड. एकदा चढावर चालत होते, घड्याळ म्हणतंय १६८. माझ्या वयाला २२० वजा वय या हिशोबानं जवळजवळ टोकच झालं (तो हिशोबही ढोबळ आहे, माणसामाणसात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो). घाबरून थांबले, मानेला बोट लावलं, तर ११२ च्या आसपास. मग कळलं की चालताना हात ज्या लयीत हलतो त्या लयीलाच घड्याळ कधीकधी नाडी समजून बसतं. म्हणजे मी मिनिटाला १६८ ठोक्यांनी मरायला टेकले नव्हते, मिनिटाला १६८ पावलं टाकत होते. चांगलंय की. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर सरकवून जरा घट्ट केला तर हे कमी होतं. थंडीत हात गार पडले, मनगटावर टॅटू असला, तरी गडबड होते. ज्यांना व्यायामात नेमकी नाडी हवीय त्यांनी छातीला बांधायचा पट्टा घ्यावा, तो हृदयाचे विजेचे संकेत पकडतो, पोलार कंपनीनं १९८२ मध्येच बिनवायरचा आणला होता, आणि आजही मनगटावरच्या घड्याळांपेक्षा तोच भरवशाचा मानतात.

कॅलरीवर जास्त लिहीत नाही कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही, तो आकडा सरळ विसरा. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ६० जणांच्या हातावर सात प्रकारची घड्याळं बांधून तपासलं होतं. नाडी सातपैकी सहा घड्याळांनी पाच टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर सांगितली, कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं घड्याळ सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. ९३! माझा नवरा घड्याळात ४५० कॅलरी जळलेल्या बघून हक्कानं जास्तीचं वाढून घ्यायचा, त्याला हा आकडा वाचून दाखवला, तो म्हणाला माझं त्या २७ वाल्यातलं असेल.

झोपेचं मात्र सविस्तर सांगते, कारण माझं नुकसान तिथे झालं.

सकाळी उठलं की घड्याळ शंभरपैकी मार्क देतं. गाढ झोप इतकी मिनिटं, हलकी इतकी, स्वप्नाची इतकी, मधे जाग इतक्या वेळा, सगळं जांभळ्या-निळ्या पट्ट्यांमध्ये, दिसायला इतकं छान की खरंच वाटतं. आता झोपेचे टप्पे खरे ठरवतात ते डोक्याला तारा लावून, मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण हे सगळं रात्रभर मोजून. घड्याळ बसलंय मनगटावर. त्याला मेंदूचा पत्ताच नाही. हात हलतोय की नाही आणि नाडी कशी चाललीय एवढ्यावरून ते टप्पे ओळखायचा प्रयत्न करतं. त्यामुळे तुम्ही किती वाजता आडवे झालात आणि किती वाजता उठलात हे बऱ्यापैकी सांगतं, पण जागे राहून निपचित पडला असाल तर तेही बहुतेक झोपेतच धरतं. मी एक दिवस दुपारी पुस्तक वाचत पाऊण तास लोळले होते, संध्याकाळी बघते तर ४० मिनिटं झोप, त्यातली ११ गाढ. पुस्तक एवढं काही कंटाळवाणं नव्हतं.

हे माहीत असूनही मला त्या मार्कांची चटक लागली. एका सकाळी चांगली टवटवीत उठले, खिडकी उघडली, गुणगुणत होते, मग घड्याळ बघितलं तर ५४. खाली लिहिलेलं, आज जरा दमानं घ्या. आणि मी दमले हो! दिवसभर डोकं जड, दोनदा जांभया दिल्या, ऑफिसात एकीला सांगितलंसुद्धा की काल झोपच झाली नाही. संध्याकाळी जाणवलं की उठल्यावर मला कसं वाटत होतं ते मी विसरूनच गेले, मला कसं वाटतंय हे मी घड्याळाला विचारलं. २०१४ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, त्यात लोकांना खोटंच सांगितलं की तुमच्या झोपेची प्रत काल उत्तम होती किंवा खराब होती, आणि मग चाचण्या घेतल्या, तर चांगली सांगितलेल्यांनी जास्त चांगल्या सोडवल्या, प्रत्यक्षात झोप कशी का झालेली असेना. २०१७ मध्ये तर डॉक्टरांनी याला नावच दिलं, ऑर्थोसोम्निया, झोपेचे आकडे परफेक्ट करायच्या नादात झोपच उडणं. त्यांच्याकडे लोक घड्याळातले तक्ते घेऊन यायला लागले होते म्हणे. मला वाचून बरं वाटलं, आपण एकट्याच येड्या नाही.

तेव्हापासून रात्री घड्याळ काढते आणि चार्जिंगला लावते. एकाच गोष्टीसाठी कधीमधी घालून झोपते, ती म्हणजे व्हायब्रेशनचा गजर. पहाटे लवकर निघायचं असेल तर मनगटावर थरथरतं, मी उठते, शेजारचा माणूस घोरतच राहतो. घड्याळ घेतल्याचं खरं सुख ते.

ऑक्सिजनचा एक किस्सा सांगून पुढे जाते. एका सकाळी रात्रीचा सगळ्यात कमी आकडा ८८ दाखवला. सहा वाजता घरात धावपळ, मुलाला उठवलं, कपाटातून बोटाला लावायचं चिमटेवालं यंत्र काढलं, ९८. हात उशीखाली दाबून झोपले होते, बाकी काही नाही. बोटाच्या यंत्रात लाल आणि न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार जातो, मनगटातून तसा जात नाही, उलटून येईल तेवढ्यावर भागवावं लागतं. शिवाय बोटाची हॉस्पिटलमधली यंत्रंसुद्धा काळ्या त्वचेच्या पेशंटमध्ये कमी झालेला ऑक्सिजन जास्त वेळा चुकवतात हे २०२० मध्ये अमेरिकेत दिसलं, गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. सावळ्या मनगटांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि ब्लडप्रेशर. काही मोजक्या घड्याळांत खरोखर हवा भरून फुगणारा पट्टा असतो, त्यांचं वेगळं. काही कंपन्या निदान सांगतात तरी की दर थोड्या दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्या. पण नुसते हिरवे दिवे दाखवून १२०/८० लिहिणारी घड्याळं आहेत ना, त्यांच्यापासून लांब राहा. बहिणीचं तसलंच आहे. घाईत जिना चढून आल्यावरही १२१/७९, भांडून आल्यावरही १२२/८०. डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी काही न बोलता स्वतःच्या मशीनचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. साखर सांगणारी म्हणून जी विकतात त्यांच्याबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिकडच्या औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, फेब्रुवारी २०२४ मध्ये सरळ इशारा दिला की सुई न टोचता स्वतःहून साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं अशा आकड्यावर डोस ठरवला तर जीवावर बेतेल, ही गंमत नाही.

फार निंदा झाली, आता एक चांगलं. अनियमित ठोके ओळखायचं काम ही महागातली घड्याळं बऱ्यापैकी करतात. ॲपलनं स्टॅनफर्डबरोबर केलेल्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते, त्यातल्या फक्त ०.५२ टक्के लोकांना घड्याळानं "ठोके अनियमित वाटतायत" असं कळवलं, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली त्यातल्या ३४ टक्के जणांमध्ये खरोखर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) सापडलं. हा त्रास येतो-जातो, त्यामुळे बाकीच्यांत नव्हताच असंही म्हणता येत नाही. वयस्कर आईवडिलांसाठी घेत असाल तर याचा विचार करा. मात्र हार्ट ॲटॅक येतोय का हे घड्याळ सांगत नाही, कंपन्या स्वतःच तसं बारीक अक्षरात लिहितात. छातीत दुखत असेल तर घड्याळ बघत बसू नका, निघा.

आता सर्व्हिस. इथे माझा आवाज जरा चढणार आहे.

अकराव्या महिन्यात पहिलं घड्याळ चार्ज होईना. लोहचुंबकानं चार्जर चिकटतोय, पण पुढे काही नाही. ॲपमधल्या चॅटवर गेले. समोर बॉट. "नमस्कार! मी तुमची काय मदत करू शकते?" लिहिलं, घड्याळ चार्ज होत नाही. "कृपया घड्याळ रिस्टार्ट करा." अगं, बंद आहे ते. "समजलं! कृपया घड्याळ रिस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करा." असं तीनदा झाल्यावर मी नुसतं "माणूस" असं लिहिलं, मग "माणसाशी बोलायचंय", मग "तक्रार", आणि तक्रार म्हटल्यावर कुठेतरी कळ दाबली गेली आणि चाळीस मिनिटांनी माणूस आला. भला होता बिचारा. म्हणाला मॅडम सिरीयल नंबर सांगा, घड्याळाच्या मागे लिहिलेला असतो. मागे बघते तर वर्षभराच्या घामानं अक्षरं पुसून गेलेली, भिंग लावून शेवटचे चार आकडे दिसले. म्हटलं पुसलंय. म्हणाला हरकत नाही, घड्याळाच्या सेटिंगमध्येही मिळेल. मी म्हटलं भाऊ, घड्याळ चालू होत नाही म्हणून तर मी तुमच्याशी बोलतेय. तिकडे दोन मिनिटं शांतता. मग तोही हसल्यासारखा वाटला, लिहून हसता येतं तितपत. शेवटी माळ्यावरून खोका काढला, त्यावर नंबर होता. (खोका टाकू नका. मी याआधी सगळे टाकायचे.)

घड्याळ पाठवलं, नऊ दिवसांनी उत्तर आलं की चार्जिंगच्या पिना गंजल्यात, हे "द्रव पदार्थामुळे झालेलं नुकसान" आहे, वॉरंटीत बसत नाही. ज्या खोक्यावर पोहणाऱ्या माणसाचं चित्र आणि ५ एटीएम लिहिलंय त्या खोक्यातलं घड्याळ घामानं गेलं, आणि घाम हे म्हणे नुकसान! मग शोधून वाचलं. ५ एटीएम म्हणजे नवीन असताना, लॅबमध्ये, ५० मीटर खोल पाण्याएवढा दाब स्थिर पाण्यात सहन केला. घाम, साबण, गरम पाण्याची वाफ, वर्षभराचं झिजलेलं रबर, यातलं काही त्यात नाही. तांत्रिकदृष्ट्या कंपनी खरं बोलत असेल. पण व्यायाम करणाऱ्यांना विकायच्या वस्तूला घाम चालत नसेल तर ते चित्रावर लिहा ना, वॉरंटीच्या सतराव्या कलमात कशाला.

वादावादी केली, इमेल केले, तक्रार नंबर तीन मिळाले आणि हाती काही आलं नाही. घड्याळ तसंच परत आलं. मग एका रविवारी कानात घालायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून त्या पिना पुसत बसले. हिरवट कीट निघालं, बारीक, टाचणीच्या टोकाएवढं. लाकडी टूथपिकनं कडा साफ केल्या, वाळू दिलं, चार्जर लावला, आणि स्क्रीन उजळली. नऊ दिवस आणि तीन तक्रार नंबर लागलेलं काम दहा मिनिटांत झालं. ओल्या पिनांवर चार्जर लावला की वीज आणि घामातलं मीठ मिळून पिनांवरचा मुलामा खातात, म्हणून आता चार्जिंगला लावायच्या आधी मागची बाजू कोरड्या कपड्यानं पुसते, हे एवढं वाक्य त्यांनी माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापलं असतं तरी पुरलं असतं. तरीही सहा महिन्यांनी बॅटरीनं राम म्हटला आणि दुसरं घ्यावं लागलं, बॅटरी बदलून मिळत नाही, चिकटवूनच टाकलेली असते.

माहितीचं काय होतं हाही प्रश्न आहे. आपण किती वाजता झोपतो, कुठे चालतो, नाडी कधी वाढते, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या ॲपनं लोकांच्या पळण्याच्या मार्गांचा जगाचा नकाशा काढला, तर जानेवारी २०१८ मध्ये लोकांना त्यात ओसाड वाळवंटात सैनिकी तळांच्या आकाराच्या रेघा उजळलेल्या दिसल्या, सैनिक पळायला जाताना घड्याळ काढत नव्हते. गूगलनं फिटबिट ही असली घड्याळं बनवणारी कंपनी विकत घेतली तेव्हा युरोपनं अट घातली की तिकडच्या लोकांची ही माहिती दहा वर्षं जाहिरातीसाठी वापरायची नाही. अमेरिकेत जॉन हॅनकॉक या विमा कंपनीनं २०१८ मध्ये आपल्या सगळ्या आयुर्विमा पॉलिसींना पावलं-व्यायामाची बक्षीस योजना जोडली. आज बक्षीस आहे, उद्या न चालणाऱ्याला दंड होणार नाही कशावरून? हा राजकारणाचा विषय आहे, आणि आपण तो "मान्य आहे" च्या बटणावर सोडवतो. दुसरीकडे माणसंही कमी नाहीत, फोनला पाळण्यात घातल्यासारखं झुलवून पावलं वाढवणारी छोटी यंत्रं मिळतात बाजारात. मला तर ते आवडलं.

मी एवढंच केलंय की ॲपमध्ये जाऊन लोकेशन फक्त चालताना चालू ठेवलंय, "माहिती संशोधनासाठी शेअर करा" ची टिक काढलीय आणि जन्मतारखेत फक्त वर्ष खरं ठेवलंय. स्ट्रेसचा गोल बंद केला, कारण तो बघून स्ट्रेस यायचा.

मार्क द्यायचे तर पाचपैकी तीन. मी आता तीन मजले चढून आले की किल्ली पहिल्या झटक्यात सापडते, त्याचे दीड मार्क, आणि ते घड्याळानंच मिळवलेत.

परवा बहीण म्हणाली तिचं जुनं झालंय, नवीन कुठलं घेऊ. मी सांगितलं, पट्टा साध्या पिनेचा, कुठेही मिळणारा बघ, त्यांच्याच कंपनीचा लागतो तसला नको. नोटिफिकेशन उन्हात वाचता येतंय का ते दुकानाबाहेर उभं राहून बघ. आणि पर्समध्ये एक नॅपकिन टाकून ने, काउंटरवर गुंडाळी कर, प्रत्येक घड्याळ तिच्यावर बांधून मिनिटभर थांब, जे गप्प बसेल ते घे. ती म्हणाली काहीतरीच काय, लोक काय म्हणतील. संध्याकाळी तिचा मेसेज आला: चार घड्याळं, तिघांनी नाडी सांगितली, एकात नॅपकिन ऐंशीच्या वर, विक्रेता म्हणाला मॅडम सॉफ्टवेअर अपडेट राहिलंय. चौथ्यात दोन रेघाच. तेच घेतलं.